समुद्र नसलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना

मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे



आपल्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांचं. यातल्या एकालाही समुद्रकिनारा नाही. तरीही प्राणिशास्त्राच्या वर्गात दर एक-दोन वर्षांनी एखादी मुलगी तास संपल्यावर रेंगाळते आणि विचारते, "बाई, पुण्यात राहून समुद्रावर काम करता येईल का?" मी आपल्याच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकवते. या प्रश्नावर आमच्या स्टाफरूमचं ठरलेलं उत्तर आहे : गोव्याला जा, कोचीला जा, नाहीतर बी.एड. कर. पहिली दोन उत्तरं चुकीची नाहीत. पण एवढ्यावर तिची बोळवण करणं मला आता पटेनासं झालंय, म्हणून हे जाहीर पत्र.

आमची पिढी प्राणिशास्त्र शिकली ती बर्फातून आलेली मुशी कापून. 'स्कोलिओडॉन' हा छोटा शार्क मासा अनेक वर्षं आपल्या अभ्यासक्रमाचा मानकरी होता. त्याच्या मेंदूच्या नसा सुट्या करून काळ्या कागदाच्या तुकड्यावर मांडता आल्या की प्रॅक्टिकलचे गुण पक्के. पुढे युजीसीने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद केलं, ते योग्यच झालं. पण तेव्हाही आम्हांला कुणी सांगितलं नाही की हा प्राणी राहतो कुठे, किती वाव खोल पाण्यात सापडतो, पिल्लं कधी देतो आणि तो कमी होतोय की नाही. समुद्र आमच्याकडे आला तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतून. आजही बऱ्याच महाविद्यालयांत तो त्याच कपाटात आहे.

पुण्याहून समुद्राकडे वाटच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. डॉ. अदिती पंत आपल्याच विद्यापीठाच्या बी.एस्सी. पदवीधर. ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक वाचून त्यांनी समुद्रविज्ञानाचा ध्यास घेतला, शिष्यवृत्ती मिळवून हवाई विद्यापीठात एम.एस. केलं, लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून सागरी शैवालांवर पीएच.डी. केली आणि १९७३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. ती संस्था तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून त्या खंडावर उतरल्या. 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं तळकेंद्र उभं राहिलं ते याच मोहिमेत. नंतरच्या काळात पंतांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या कार्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर, काम केलं.

ही गोष्ट आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण ती नीट वाचली तर तिच्यात आपल्या विद्यापीठाचा वाटा बी.एस्सी.पुरताच आहे. त्यापुढचं शिक्षण हवाई आणि लंडनमध्ये झालं. वडील आप्पासाहेब पंत राजनैतिक सेवेत होते, घरात परदेशाचं अप्रूप नव्हतं. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या बापाच्या लेकीला हा रस्ता कसा दाखवायचा? पंतांच्या काळात देशात या विषयाच्या संस्था नुकत्या उभ्या राहत होत्या, त्यामुळे तसं घडणं साहजिक होतं. आज ती सबब उरलेली नाही.

समुद्र जवळ नाही, हीही सबब होऊ शकत नाही. मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याचा अंदाज देणारी आणि त्सुनामीचा इशारा देणारी 'इन्कॉइस' ही संस्था हैदराबादेत आहे. वेळास-गुहागरच्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर २०२२ मध्ये उपग्रह-टॅग बसवले, ते काम कांदळवन प्रतिष्ठानाबरोबर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने केलं. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८ पासून नजर ठेवून असलेली मंडळी मैसूरच्या एका संस्थेची आहेत. हैदराबाद, डेहराडून, मैसूर : तिन्ही गावांत भरती-ओहोटी येत नाही.

आणि पुण्याचं म्हणाल, तर इथे समुद्राचे तुकडे शहरभर विखुरलेले आहेत. पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम हिंदी महासागर किती वेगाने तापतोय ते दाखवलं. सहा दशकांत तिथलं वनस्पती-प्लवक, म्हणजे सगळ्या मासळीचा मूळ दाणापाणी, वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचं त्यांचं संशोधन २०१६ मध्ये आलं. अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढत चालल्याचं गणितही याच संस्थेतून आलं. 'निसर्ग' आणि 'तौक्ते'नंतर कोकणात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, १९१६ पासूनच्या त्या जुन्या संस्थेत, मोठाल्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती करून त्यांत यंत्राने भरती-ओहोटी आणतात, गाळ कुठे साचेल ते पाहतात. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठही पुण्यातच बसतं. महाराष्ट्र, गोवा, गुजरातच्या किनाऱ्यावरचे भराव, कांदळवनं, सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) वाद इथे सुनावणीला येतात. म्हणजे समुद्र पुण्यात पाण्याच्या रूपाने येत नसला तरी तापमानाच्या आकड्यांतून, काँक्रीटच्या प्रतिकृतीतून आणि खटल्याच्या फायलीतून रोज येतो. (पाणी मात्र आपण उलट दिशेला धाडतो. मुळा-मुठेचं जे काही होतं ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. पुणेकरांचा समुद्राशी हा एकमेव नियमित व्यवहार.)

विद्यापीठात प्राणिशास्त्र आहे, पर्यावरणशास्त्र आहे, भूगोल आहे, वातावरणशास्त्र आहे. आयआयटीएमचे शास्त्रज्ञ आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करत आले आहेत. तरीही या सगळ्यांतून समुद्राकडे जाणारी एक सलग वाट नाही. मला वाटतं याचं कारण पैसा नाही, इमारतही नाही. समुद्राचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांची कुणी कधी गाठच घालून दिलेली नाही, हे खरं कारण आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चांगली गोष्ट. ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सत्रानंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकलं जातं. मासेमारी शिकायला निघालेली मुलगी मेअखेरीला बॅग भरून बंदरावर पोचते, तर १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी. ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. बोटी ओढून वर घेतलेल्या, जाळी तुणायला काढलेली, लिलावाचा ओटा रिकामा. तिचं प्रशिक्षण संपतं आणि बंदर सुरू होतं. कासवांचं तेच. कोकणात माद्या अंडी घालतात त्या साधारण डिसेंबर ते मार्च, पिल्लं निघतात फेब्रुवारी ते एप्रिल. आमची सत्र परीक्षा, प्रॅक्टिकल, व्हायवा, अंतर्गत मूल्यमापन सगळं याच महिन्यांवर येऊन बसतं.

दिवसाच्या हिशेबातही असंच. खडकाळ किनाऱ्यावरचे जीव मोजायचे तर उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी पाहिजे, अष्टमीच्या भांगाची चालत नाही. कोकणातला म्हातारा कोळी कालनिर्णय बघून तिथीची पाऊणपट करतो आणि भरतीची वेळ सांगतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी साडेअकराच्या पुढे, म्हणजे समुद्र सगळ्यात खाली जातो तो पहाटे सहाच्या आसपास. हरिहरेश्वरच्या खडकांवर पहाटे सहाला उभं राहायचं तर पुण्याहून आदल्या दिवशीच निघावं लागतं. तास-दीड तास मिळतो, त्यात चौकट टाकून शंख, कालवं, झोआन्थिड, खेकडे मोजायचे, आणि पाणी चढायला लागलं की निमूट मागे सरायचं. असं महिन्यातून दोनदा, वर्षभर. या कामाला आमच्याकडे एक शब्द आहे : गैरहजेरी. पंच्याहत्तर टक्के उपस्थिती भरत नाही म्हणून मी स्वतः मुलींच्या पालकांना पत्रं पाठवलेली आहेत, कारण नियम तसा आहे.

आता बंदरावरचं काम कसं असतं ते सांगते, कारण अभ्यासमंडळांवरच्या आम्हां लोकांना त्याची कल्पना नसते. माझी एक माजी विद्यार्थिनी मालवणच्या बाजूला शार्क आणि पाकटांवर काम करते. बोट लागली की टोपल्या ओट्यावर येतात आणि लिलाव सुरू होतो. तिच्या हातात काही मिनिटं असतात. मासा कुठला, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किती सेंटिमीटर, नर की मादी, नराची आलिंगकं कडक झालीत का, म्हणजे तो वयात आलाय का, मादीच्या पोटात पिल्लं आहेत का. त्याच वेळी तांडेलाला विचारायचं : जाळं कुठलं, किती वावात टाकलं, किती तास. विकत घेणारी बाई घाईत, खलाशी झोपेला आलेले, हिची मोजपट्टी सगळ्यांच्या पायांत. पहिल्या महिन्यात तिला एकच प्रश्न यायचा : "सरकाराकडसून इलंस काय गो?" या प्रश्नामागे इतिहास आहे. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं ते मच्छीमारांच्या मनाविरुद्ध, तेव्हापासून वही घेऊन आलेल्या माणसाकडे तिथे संशयाने पाहतात. तिने उत्तर मराठीत दिलं, रोज दिलं, आणि आकडे गोळा करून झाल्यावर ते आधी मच्छीमारांनाच वाचून दाखवले. आज एखादं वेगळं पाकट आलं तर ओट्यावरून तिला फोन येतो.

महोदय, आपल्या मुलामुलींची जमेची बाजू ही आहे. देशभरातले हुशार संशोधक आपल्या किनाऱ्यावर येतात आणि दुभाष्या शोधतात. आमच्या मुली तारली, बांगडा, सौंदाळे, मोरी, मुशी, माकुल ही नावं दोन महिन्यांत पाठ करतात आणि तांडेलाशी सरळ बोलतात. कोळणीला माहीत असलेलं समुद्रशास्त्र कुठल्याही जर्नलमध्ये नाही. ते टिपून घ्यायला मराठी लागते, आणि ते टिपणारी माणसं तयार करणं हे मराठी मुलखातल्या विद्यापीठाचं काम नव्हे तर कुणाचं?

बोटीवर जायचा प्रश्न निघाला की गाडी अडते. काही बोटींवर बाईमाणसाला घेत नाहीत, हे एक. दुसरं, घेतलं तरी परवानगीवर सही करायला विभागप्रमुख धजावत नाहीत, कारण काही झालं तर जबाबदारी कुणाची? विमा नाही, लाइफ जॅकेट नाही, नियमावली नाही. शिवाय डॉल्फिन, कासव, प्रवाळ हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांच्यावर काम करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि त्यांचं कार्यालय नागपुरात. समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राला परवानगी देण्याचा मान महाराष्ट्रातच मिळू शकतो. विद्यार्थ्याने एकट्याने हा अर्ज केला तर प्रबंधाचं एक वर्ष त्यातच जातं. विद्यापीठाने केला तर वेगळं वजन पडेल.

डायव्हिंगबद्दल थोडंच सांगते, कारण मुलांना त्याचंच सगळ्यात जास्त आकर्षण असतं. ते शिकायला आता अंदमानला जावं लागत नाही, तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून पुढे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं 'आंग्रिया बँक' हे प्रवाळांचं बुडालेलं पठार आहे, तिथे उतरण्याचं स्वप्न प्रत्येकाचं. मी त्यांना सांगते की आधी टिळक तलावावर नीट पोहायला शिका. सागरी परिसंस्थेच्या अभ्यासातलं बहुतेक काम पाण्याखाली नसतं. ते ओट्यावर, चिखलात, सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक्सेलच्या तक्त्यात असतं.

नोकरीचं काय, हे पालक विचारतात आणि त्यांना खरं सांगितलं पाहिजे. नेट-जेआरएफ मिळालं तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. नाही मिळालं तर प्रकल्पावरची कंत्राटी जागा, आणि प्रकल्प संपला की पुढचा सुरू होईपर्यंत घरी. कायम पदं गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत, मुंबईतल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणात निघतात, पण मोजकीच. कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाल्यापासून राज्यातही थोडं काम वाढलं. उरलेली बरीच मुलं पर्यावरण सल्लागार कंपन्यांत जातात आणि बंदरं, जेट्या, वीजप्रकल्पांचे परिणाम-अहवाल लिहितात. त्यात कमीपणा काही नाही. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. एवढं मोठं काम समुद्रात होणार असेल तर तिथली मासळी, प्रवाळ, गाळ यांची नोंद प्रामाणिकपणे करणारी माणसं लागणारच. पण हे अहवाल बहुधा पावसाळा वगळून एका हंगामाच्या आकडेवारीवर उभे असतात, आणि कोकणच्या समुद्राचा स्वभाव कळतो तो पावसाळ्यात. एका हंगामाचा अहवाल वाचून "हे अपुरं आहे" असं म्हणायचं धाडस कुणाला होईल? ज्याच्याकडे दहा वर्षांची नोंदवही आहे त्याला. अशी नोंदवही विद्यापीठच ठेवू शकतं. कंपनी ठेवणार नाही, आणि कंत्राटी संशोधक ठेवू शकत नाही, कारण तो गेला की आकडे त्याच्या लॅपटॉपबरोबर जातात.

सरकारला या माणसांची गरज नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं गेलं. नियम चांगलाच आहे. पण पट्टी घेऊन ओट्यावर उभं कोण राहणार, आणि हा आकार बरोबर आहे का, पाच वर्षांनी बदलायला हवा का, हे कोण सांगणार? मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याचं ते काम नव्हे, त्याच्याकडे आधीच डोंगराएवढं काम आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. कोकणात विद्यापीठाचा मोठा परिसर उभारा असं मी म्हणत नाही. शिरगावला, रत्नागिरीत, कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. किनाऱ्याचे जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे आहेत. त्यांच्याशी करार करून दोन खोल्या, एक डीप फ्रीझर, चार सूक्ष्मदर्शक आणि विमा उतरवलेली लाइफ जॅकेटं एवढं मिळालं तरी काम सुरू होईल. खोल्यांपेक्षा तिथली नोंदवही महत्त्वाची : ठरलेल्या बंदरावर, ठरलेल्या तिथीला, दर महिन्याला, मुलं बदलली तरी न चुकता. आयआयटीएम, खडकवासला, आकुर्डी इथल्या शास्त्रज्ञांचे तास आमच्या एम.एस्सी.च्या मुलांना श्रेयांकांसह मिळावेत. समुद्राचं तापमान शिकणारा आणि मासळी मोजणारी यांची एकदा तरी एका वर्गात गाठ पडावी. आज ते एकाच रस्त्यावर राहून एकमेकांना ओळखत नाहीत. वन्यजीव परवानग्यांसाठी विद्यापीठाचा एक कक्ष असावा.

या सगळ्याला वेळ लागेल, समित्या बसतील, हे मी जाणते. एका गोष्टीला मात्र समितीची गरज नाही. समुद्राशी संबंधित विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग' मे-जूनऐवजी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करण्याची मुभा द्यावी आणि त्या काळातली किनाऱ्यावरची उपस्थिती ही वर्गातली उपस्थिती धरावी, एवढं एक परिपत्रक. त्याला निधी लागत नाही, पद लागत नाही. बोटी १ ऑगस्टला सुटतात, तेव्हा परिपत्रक जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघालं तर मुलांना राहण्याची सोय करायला वेळ मिळेल. मसुदा मी अभ्यासमंडळाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे, प्रत आपल्या कार्यालयात आवक करून पोच घेतली आहे.

कळावे,
आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
कोथरूड, पुणे